भिंतीलगतचा बाक

२ डिसेंबर

बाबा,

इतके जण एकदम बोलत असताना नेमकं कुणाचं ऐकायचं, हे मशीनला कोण सांगतं? तुमच्या या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही.

उन्हाळ्यात, मी निघायच्या आदल्या रात्री, जेवताना तुम्ही तो विचारलात तेव्हा काका हसले, आत्या हसली, आणि मला वाटलं तुम्ही माझी टर उडवताय. चार वर्षं ज्या विषयाची पुस्तकं उशाशी घेऊन झोपले, त्या विषयातला घरातून आलेला पहिला प्रश्न, आणि मला पाणी आणायच्या निमित्ताने उठावं लागलं. घरातली पहिली पदवीधर! आत्या म्हणाली तेही ऐकलं मी, "एवढं शिकून पाणीच आणायचं होतं होय?"

त्यानंतर जे झालं त्याबद्दल आज लिहीत नाही. मी नोकरीसाठी इथे येणार म्हणाले, सगळे एकाच वेळी बोलायला लागले, तुम्ही कानातलं मशीन काढून ताटाशेजारी ठेवलंत आणि मला तळहात दाखवलात. मी सकाळी बॅग घेऊन निघाले. तुमच्याशी न बोलता. फोन करण्यात अर्थ नाही. तीस वर्षं कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या धडधडीत उभं राहून तुमचे कान गेलेत, आणि फोन आई उचलते. मग तुमच्या वतीने तीच उत्तरं देते. "ते म्हणतायत वेळेवर जेवत जा." तुम्ही असं काही म्हणालेले नसता, हे मला इथे बसून कळतं. म्हणून पत्र.

मी मजेत आहे. खोली लहान पण हवेशीर आहे. कंपनीही लहानच, एक लांबट हॉल आणि एक कॉफीचं मशीन, जे फक्त साहेबांना मानतं. ऐकू कमी येणाऱ्या मुलांच्या शाळांसाठी आम्ही बिनतारी संच बनवतो. शिक्षकांच्या गळ्यात माईक, मुलाच्या खिशात काडेपेटीएवढा रिसीव्हर, त्यातून आवाज मुलाच्या कानातल्या मशीनमध्ये. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलले तरी मागच्या बाकावरच्या पोराला ते शेजारी बसल्यासारखे ऐकू येतात. निदान यायला हवेत.

अडचण अशी की शाळेतले सगळे माईक एकाच लहरीवर बोलतात. प्रत्येक वर्गाला वेगळी लहर द्यायची म्हटलं तर तेवढ्या लहरी आम्हाला मिळत नाहीत. मग तिसरीतल्या मुलाच्या रिसीव्हरमध्ये तिसरीच्या बाई येतात आणि भिंतीपलीकडचे चौथीचे सरही येतात. ही भेसळ निवडून काढणं, हे माझं काम.

ते कसं करतात ते सांगते. एकाच कागदावर दोघांनी एकावर एक लिहिलंय असं समजा. एकाने जाड पेन्सिलीने, दुसऱ्याने बारीक. बारीक अक्षर वाचायला जायचंच नाही. आधी जाड वाचायचं. ते पूर्ण कळलं की बरोबर तेवढंच खोडायचं. खाली बारीक अक्षर स्वच्छ उरतं. माझा रिसीव्हर मोठ्या सिग्नलला दाबून टाकत नाही, बाबा. त्याला आधी समजून घेतो, मग बाजूला करतो. कॉलेजात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शेजारणीला कोपराने ढोसून म्हटलं होतं, "किती सुंदर आहे बघ ना!" ती म्हणाली, "परीक्षेला आहे का?"

एक गोष्ट मात्र मी भांडून करून घेतली. सगळ्या शिक्षकांच्या माईकची ताकद अगदी सारखी ठेवायची. कुणाचा मोठा नाही, कुणाचा छोटा नाही. साहेब हसले, पण माहितीपत्रकात छापायला त्यांना ते वाक्य आवडलं.

मशीन लावता का? आईला विचारलं तर ती विषय बदलते.

तुमची,
पाणी आणणारी

१९ डिसेंबर

बाबा,

आईकडून अखेर काढून घेतलं. मशीन शिलाईच्या डब्यात आहे, रिळांच्या खाली. तुमच्या कानांना साजेसं व्हावं म्हणून मी त्याच्या मागे किती लागले होते, हे तुम्हाला माहीत आहे. असो. असो असं लिहिलं की माणूस शहाणा दिसतो, म्हणून लिहिलं.

हल्ली मी दिवसभर शाळेतच असते. संच बसवून सत्र होत आलं, तक्रारी आल्या तर बघायला साहेबांनी मला पाठवलंय. तक्रार एकच आहे आणि ती मशीनबद्दल नाही, एका मुलीबद्दल आहे.

तिसरीत आहे. हनुवटीवर तीळ आहे म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणतात, तीही स्वतःला तेच म्हणते. तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे, ठिपकीचा बाक त्या भिंतीला चिकटून. पहिल्याच दिवशी मी मागे उभी होते. बाईंनी विचारलं, "आठ सक?"

ठिपकी उठली. कपाळाला आठ्या घालून विचार केला. म्हणाली, "आठ... नदीच्या काठी."

सगळा वर्ग खिदळला. तीही थोडी हसली, कारण सगळे हसतायत म्हणजे काहीतरी गंमत झाली असणार. मग कुणीच तिला गंमत सांगेना, तेव्हा ती खाली बसली.

"बघितलंत?" बाई मला म्हणाल्या. "मुद्दाम करते. गेल्या वर्षी हीच मुलगी पाढे घडाघडा म्हणत होती. आता डोक्यात वारं शिरलंय."

"तिला नीट ऐकू येत नसेल तर?"

"हिरवा दिवा लागलाय की तिच्या डबीवर. बाकीच्यांना येतं, हिलाच बरं येत नाही?"

तो हिरवा दिवा मीच बसवलाय. सिग्नल पोचला की तो लागतो. काय पोचलं, हे त्याला कळत नाही.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला खोलीत बोलावून सांगितलं की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांची बैठक आहे. ठिपकीला पुन्हा दुसरीत बसवायचं असं जवळजवळ ठरलंय. "तिच्या आईला मी काय सांगू?" त्या म्हणाल्या. "पोरीला ऐकू यावं म्हणून तिने एवढी धडपड केली, आणि आता ऐकू येतंय तर पोरगी ऐकत नाही."

मी कंपनीत येऊन साहेबांना सांगितलं, मला शंका येतेय. ते कॉफी ओतत होते.

"हिरवा लागतोय?"

"लागतोय."

"मग आपलं काम संपलं. लक्ष देणं हे आपण विकत नाही."

तुम्हाला हसू येत असेल. आईला म्हणाला असाल, बघ, एवढ्यासाठी घर सोडून गेली.

तुमची मुलगी

८ जानेवारी

बाबा,

आज मी ठिपकीच्या बाकावर बसून आले. ती आजारी होती, बाक रिकामा होता. गुडघे हनुवटीला लागत होते. तिचा रिसीव्हर घेतला, बाहेरचा आवाज बंद करणारा हेडफोन लावला आणि तास संपेपर्यंत बसून राहिले.

बाबा, नुसती गिचमिड. बाईंचं एक अक्षर, सरांचं अर्धं, मग थोडा वेळ काहीच नाही, मग अचानक "पठार". ही पोर महिनोन् महिने त्यातून वेचून वेचून उत्तरं तयार करत होती. "आठ नदीच्या काठी" हे तिचं उद्धटपण नव्हतं. तिला जेवढं मिळालं तेवढं तिने प्रामाणिकपणे जोडून दिलं होतं.

दोन बाकं सोडून बसले, स्वच्छ. मागे बसले, स्वच्छ. फक्त तिथेच.

मग माईक तपासले. मागच्या बाजूला एक बारीक चकती असते, सिग्नलची ताकद कमीजास्त करायची. तिला हात लावू नये म्हणून मी ती खोल बसवली होती. बाईंनी केसातल्या पिनेने फिरवली होती. सरांनी कंपासच्या टोकाने.

"माझ्या पोरांच्या कानात बाईंचा आवाज यायला लागला," सर म्हणाले, "म्हणून जरासा वाढवला."

"सरांनी वाढवला म्हणून मी वाढवला," बाई म्हणाल्या.

"आधी कुणी वाढवला?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. सरांनी वर म्हटलं, "आता त्या पोरीसाठी मी पुन्हा वाढवू का? माझी काही हरकत नाही."

मला वाटलं, सापडलं. मी दोन्ही चकत्या माझ्या मूळ खुणेवर आणल्या. सारख्या, अगदी तंतोतंत सारख्या. समाधानाने जाऊन बाकावर बसले. गिचमिड आधीपेक्षा जास्त.

मग डोक्यात उजेड पडला. त्या बाकापासून बाई जिथे उभ्या राहतात ती जागा आणि सर जिथे उभे राहतात ती जागा, दोन्ही सारख्याच अंतरावर आहेत. तिथे दोघांचा सिग्नल सारखा पोचतो. दोन्ही पेन्सिली सारख्याच जाड. आधी कुठलं वाचायचं, कुठलं खोडायचं? माझा रिसीव्हर अंदाजाने एक निवडतो, अर्धवट चुकीचं वाचतो, आणि जे नव्हतंच तेही खोडायला जातो. खाली जे उरतं ते ठिपकीला मिळतं.

सगळ्यांना सारखी ताकद. माझीच अट. मी भांडून घेतलेली. मला ती न्यायाची वाटत होती, बाबा, अजूनही वाटते, आणि त्या न्यायाने अख्ख्या वर्गातून एक पोर नेमकी उचलून बाहेर ठेवली. कंपनीतल्या लांब टेबलावर मी शंभरदा तपासलं, पण तिथे मधोमध कुणी बसत नव्हतं.

चिडचिड होते. इतकी की खोलीवर आल्यावर बादलीला लाथ मारली आणि आता अंगठा सुजलाय. आईला सांगू नका.

आणि हेही लिहूनच टाकते, कारण आज मी कुणाचंच ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नाही. तुम्ही मला तो तळहात दाखवलात, सगळ्यांसमोर, ते मला विसरता येत नाही. काका बोलले ते चाललं, आत्या बोलली ते चाललं. मी तोंड उघडलं तेव्हा मात्र मशीन बाहेर आणि हात वर. गप्प बस. तुमच्या कारखान्याच्या ऑफिसातली जागा मी नाकारली, एवढाच माझा गुन्हा होता ना?

पत्र टाकू की नको असं होतंय. टाकते.

२० जानेवारी

बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. पहिलं कार्ड. चारच वाक्यं आणि त्यातलं एक पंख्याबद्दल. तरी मला ते पाठ झालंय. "पत्रं मिळाली. पेन्सिलीचं समजलं. तळहात म्हणजे गप्प बस नव्हे, प्रेसवर कुणाचंच ऐकू येत नाही तेव्हा तळहात दाखवतात, मी थांबलो, तू बोल. पंखा दुरुस्त केला."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याच घरात राहून माहीत नव्हतं. तुम्ही आईला तळहात दाखवता आणि ती बोलतच राहते, तेव्हा मला वाटायचं ती तुम्हाला जुमानत नाही.

पण मला पटलेलं नाही. "तू बोल" म्हणायचं होतं, तर मशीन का काढलंत? मी बोलायचं आणि तुम्हाला ऐकू यायचं नाही, अशी व्यवस्था करून मग तू बोल म्हणायचं? याला आमच्याकडे काय म्हणतात ते मी वडिलांना लिहू शकत नाही.

इथलं ऐका. उपाय सापडलाय आणि तो इतका साधा आहे की रडू येतं. शेजारच्या दोन वर्गांपैकी एकाचा माईक बराच कमी करायचा. मग जाड आणि बारीक वेगळं होतं. ज्याचा कमी, त्याचं काही बिघडत नाही, मोठा खोडला की त्याचं स्वच्छ ऐकू येतं. सारख्या ताकदीची ती वाईट जागा सरकत सरकत बाईंच्या टेबलाखाली जाते, तिथे फक्त बाईंच्या चपला असतात.

बाईंना समजावलं.

"म्हणजे आधी सरांचं ऐकणार आणि मग माझं?"

"आधी फक्त ओळखणार, बाई. मुलांच्या कानात तुमचंच जाणार."

"मग माझा का कमी? मी काय सवतीची आहे? सरांचा करा."

सर म्हणाले, "मी सीनियर आहे."

या दोघांना वैतागून साहेबांकडे गेले, तर तिथे त्याहून वरचढ. साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हे कबूल करते. मग म्हणाले, "म्हणजे प्रत्येक शाळेत, प्रत्येक भिंतीला, आपला माणूस जाऊन मोजमाप करणार? पत्रकावर काय छापलंय? लावा आणि बोला."

"पण तसं ते चालत नाही."

"एका बाकावर चालत नाही. तो बाक सरकव. बाईंच्या टेबलाजवळ घे."

"तिथे दार अडतं."

"तपासणीपुरतं अडू दे."

महिनाअखेर शिक्षण खात्याकडून तपासणीच्या बाई येणार आहेत. त्यांनी पसंत केलं की हे संच आणखी कितीतरी शाळांमध्ये जातील. पसंतीचा कागद हातात पडायला पुढे महिना लागतो, आणि तोवर शाळेत कुणाकडेही अवाक्षर काढायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. नंतर हळूच दुरुस्त करू म्हणतात. ठिपकीची बैठक तर तपासणीनंतरच्या सोमवारी.

"तोवर ती दुसरीत जाईल," मी म्हटलं.

"एक वर्ष. लहान आहे ती."

"आणि पुढच्या शाळेतली?"

"पुढच्या शाळेचं पुढे बघू. तू फार मोठ्याने विचार करतेस."

परवा ठिपकी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. तिला वाटतं मी मशीनची डॉक्टर आहे. खिशातून रिसीव्हर काढला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "याला सांगा ना, मी शहाणी आहे."

कुणाला सांगू, बाबा? तुमचा तोच प्रश्न आहे हा, जरा उलटा करून.

तुमची मुलगी

३ फेब्रुवारी

बाबा,

केलं. आता साहेब, नोकरी, जे व्हायचं ते होवो.

तपासणीच्या दिवशी साहेब नवा कोट घालून आले होते. ठिपकीचा बाक त्यांनी आदल्या दिवशीच बाईंच्या टेबलाजवळ नेववला होता. मी शाळा उघडताच पोचले. तो बाक एकटीने हलेना, तेव्हा ठिपकी दप्तर टाकून दुसरं टोक धरायला आली. कशाला, कुठे, काही विचारलं नाही. आम्ही तो परत भिंतीला लावला. तिला मी पुढच्या बाकावर मैत्रिणीशेजारी बसवलं. चकत्या दोन्ही मूळ खुणेवर, पत्रकात छापल्याप्रमाणे. लावा आणि बोला.

तपासणीच्या बाई वयस्क, भारदस्त, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून त्यावरून बघणाऱ्या. साहेब त्यांना मुलांची उत्तरं ऐकवत होते. सगळी बरोबर येत होती. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बघ, उगाच घाबरत होतीस. तेवढ्यात त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं आणि मान तशीच राहिली.

मी म्हटलं, "मॅडम, मुलं शिकलेली उत्तरं देतात. तुम्ही स्वतः बसून ऐकलंत तर? हा बाक रिकामा आहे."

"त्या खुर्चीवर बसा ना मॅडम," साहेब म्हणाले, "बाक लहान आहे."

"मुलं बसतात ना त्यावर?" असं म्हणून त्या बसल्या. कशाबशा. मी त्यांना तोच हेडफोन दिला, रिसीव्हर दिला. हिरवा दिवा लागला. पलीकडे सर वाळवंट शिकवत होते.

मी बाईंना म्हटलं, "बाई, मॅडमना पाढा विचारा."

बाईंना वाटलं हा मोठा मान आहे. पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "नऊ चोक?"

तपासणीच्या बाईंनी हेडफोन दाबला. डोळे मिटले. पुन्हा दाबला.

"नऊ... उंटाचं..." आणि थांबल्या. "काय?"

वर्ग खिदळला, अगदी तसाच. फक्त ठिपकी हसली नाही. ती बाकावरून उठली, आणि तिचा आवाज नेहमी जरा जास्तच मोठा असतो, तशा आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला पण असंच येतं तिथे!"

पलीकडे सर एकटेच उंटाबद्दल सांगत होते.

मग मी सगळं सांगितलं. पेन्सिली, भिंत, माझी सारखेपणाची अट, उपाय, सगळं. साहेब मधे एकदा "मॅडम, हे म्हणजे" एवढंच म्हणाले. तपासणीच्या बाईंनी संच नापसंत केले नाहीत. मोजमाप करून, प्रत्येक वर्ग लावून, मग बोलवा म्हणाल्या. साहेबांच्या दृष्टीने ते नापसंतच.

मला वाटलं होतं मोठ्या बाई तरी चांगलं म्हणतील. त्यांनी मला खोलीत नेलं, दार लावलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"आठ तारखेला."

"आणि एवढे दिवस तुम्ही आम्हाला त्या पोरीला बोल लावू दिलेत?"

मी साहेबांचं नाव सांगू शकले असते. तोंडात आलंही होतं. पण तोंड साहेबांनी शिवलेलं नव्हतं, ते माझंच होतं. त्या म्हणाल्या, "जा. ते माईक आधी दुरुस्त करा."

केले. बाईंनी आपणहून गळ्यातला काढून दिला. "माझाच कमी करा," म्हणाल्या. "नदीच्या काठी म्हणाली तेव्हा मी तिला कोपऱ्यात उभं केलं होतं हो." पिनही माझ्या हातात दिली.

आज बैठक झाली. ठिपकी तिसरीतच राहणार. मला मात्र उद्यापासून कंपनीत मागच्या खोलीत बसून बॅटऱ्या तपासायच्या आहेत. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "तुझं बरोबर असेल. पण तुझ्यासारख्या मुली बरोबर असल्या की त्यांना कुणी जवळ बसवत नाही." अजून माझे कान तापलेत. मी चुकले असते तर बरं, असं कुणी वाटायला लावतं तेव्हा माणसाने करायचं तरी काय?

तुम्ही इथे असतात तर काय म्हणाला असतात, हे मला खरंच माहीत नाही. हेच सगळ्यात जास्त छळतं.

तुमची मुलगी

१४ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं दुसरं कार्ड परवा मिळालं.

"मशीनमध्ये सहा जणांची भेसळ येत होती. तुझे ओठ मला तू बोलायला लागलीस तेव्हापासून वाचता येतात. नीट कळावं म्हणून मशीन काढलं, हात दाखवला आणि थांबलो. तू ताट उचलून गेलीस. पोरीचं चांगलं केलंस. ऑफिसातल्या जागेचं काका बोलत होते, मी नाही."

मी हे कार्ड बॅटऱ्यांच्या खोक्यांमध्ये बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मागच्या खोलीतल्या वयस्क सहकाऱ्याने विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" आणि मी कार्ड पर्समध्ये ठेवलं.

तुम्ही माझ्यासाठी सगळा गोंगाट बाजूला काढून ठेवला होतात, ताटाशेजारी. आणि मी अडीच महिने पत्रामागून पत्र लिहून विचारत होते, मशीन लावता का, मशीन का काढलंत. भिंतीलगतच्या त्या बाकावर मी एकदा बसून आले. तुमच्या पाटावर बसून बघायचं मला सुचलं नाही.

मशीन रिळांच्या खालीच राहू द्या. ते सुधारेपर्यंत मी तुम्हाला पुन्हा लावा म्हणणार नाही. आणि ते सुधारायचं काम मी सोडलेलं नाही. मागच्या खोलीतही टेबल आहे.

या पाकिटावर तिकीट नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, मी दाराखालून सरकवलंय. आई कामावरून संध्याकाळी येईल. कडी वाजवून काही उपयोग नाही, मला ठाऊक आहे, आणि तुमची खुर्ची दाराकडे तोंड करून असते हेही ठाऊक आहे.

मी बाहेर पायरीवर आहे. उजेड तोंडावर पडेल अशी बसलेय. दार उघडलंत की मी काही बोलणार नाही, कारण मी तळहात वर केलेला आहे.